यापुढचं मनात वाच

चेंबूर, मुंबई
गुरुवार, १० डिसेंबर १९९८

प्रिय अक्का,

सपनाचा जय भीम. लेकरांना गोड पापा. तू माहेरी आहेसच, तर मायला समोर बसव आणि हे मोठ्यानं वाच. डाळ निवडत ऐकू दे तिला.

माय, आम्ही पोचलो. कळमनुरीपासून बत्तीस दिवस चाललो. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं गेली, बाचं काही गेलं नाही. मागं सामानाचा टेम्पो होता, पण बा एक दिवस त्यात बसला नाही. सहा तारखेला चैत्यभूमीवर नऊ तास रांगेत उभे राहिलो. दर्शन झालं तेव्हा बा रडला, मीपण रडले. बाहेर आलो तर समोर समुद्र. मला वाटायचं सिद्धेश्वरच्या धरणाएवढा असेल. माय, त्याला पलीकडचा काठच नाही.

आता आत्याच्या प्रेमानंददादाच्या खोलीवर आहोत. एवढं चालून लगेच कुठं परत जायचं, म्हणून आम्ही सहली ठरवल्या. बा सांगायचा, मी वहीत लिहायची. मंगळवारी घारापुरी, बुधवारी उरण, शुक्रवारी अलिबाग. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. उरणात काय आहे बघायला, असं दादानं विचारलं. "मिठागरं हायेत," बा म्हणाला. घारापुरीच्या एकशेवीस पायऱ्या बा माझ्याआधी चढला. लेणी लई मोठी आहेत.

अक्का, इथं थांब. यापुढचं मनात वाच. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नको.

काल उरणला गेलो. भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढताना बा म्हणाला, "या अंगाला बस, तिकडं पाणी उडतंय." मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. बत्तीस दिवस प्रत्येक फाट्यावर रस्ता विचारणारा माणूस लाँचमधून उतरला आणि एकदाही कुणाला न विचारता चालायला लागला. मी मागं धावतेय, डोक्यावर मायचं ते शिवून बंद केलेलं गठुडं. निघताना मायनं दिलं होतं ना, "मागणारी मागंल, तिला दे, तोवर टाका उसवायचा न्हाई." मला वाटलं दादाच्या बायकोसाठी असेल. तिनं काही मागितलं नाही, म्हणून मी येड्यासारखी घारापुरीलाही घेऊन गेले.

मिठाच्या ढिगांपलीकडं चार-पाच घरं आहेत. एका दारात एक बाई मासळी साफ करत बसली होती, मायच्याच वयाची. बाला बघून उठली, पदर सारखा केला. "चालत आलाव म्हणं. पाय बघू," म्हणाली. बोली आपलीच, जिंतूरकडची. आतून एक जवान माणूस आला. अक्का, बाच्या डाव्या भुवईत जो भोवरा आहे, जो तुझ्यात आहे आणि माझ्यात नाही, तो त्याच्या भुवईत आहे.

बा माझ्याकडं न बघता बोलला. "बहात्तरच्या दुष्काळात मी इथं मीठ वाहायला आलतो. ही पद्माबाई, हीबी तवाच आलती. हा रविंद्र, तुझा भाऊ. तेवीस साल झाले, मी इकडं फिरकलो न्हाई. एकट्यानं यायची हिंमत न्हाई झाली, म्हणून तुला आणलं."

मी होते तिथं मटकन बसले. बत्तीस दिवस रोज संध्याकाळी याच माणसाच्या पायाला मी तेल चोळलं. तो इकडं होता तेव्हा मायनं तुला कडेवर घेऊन रोजगार हमीवर खडी फोडली, तीन वर्षं, एकटीनं. हे मी त्याच्या तोंडावर बोलले. मी मनाशी ठरवलं, मायला हे मरेपर्यंत कळू द्यायचं नाही.

तेवढ्यात ती बाई मला म्हणाली, "पोरी, तुझ्या मायनं गठुडं दिलं आसंल."

अक्का, हे लिहून मी पुन्हा वाचलं तरी मला ते खरं वाटत नाही. तिनं विळीनं टाका उसवला. आत आपल्या घरची हळद, एक हिरवं लुगडं आणि माझे चांदीचे वाळे. तेच, जे हरवले म्हणून तू आणि मी अख्खं घर उकरलं होतं. रविंद्रची पोरगी आठ महिन्यांची आहे. पद्माबाईनं ते तिच्या पायात घातले, अगदी बराबर बसले.

"ताईनं लिहिलं व्हतं, नातीला वाळे येऊन राहिले म्हणून," ती म्हणाली.

मी म्हटलं, मायला अक्षर येत नाही. तर म्हणे, "फहीम लिहितो ना. आधी त्याची आई लिहायची, अख्तरीबाई. मी यांच्या नावानं एकदाच पत्र धाडलं, पोरगं पाच वर्साचं असताना. जवाब ताईचा आला. म्हणली, तापात तू माझ्या माणसाला जगवलं, मी तुला नाव ठिवणार न्हाई."

शेजारचा फहीम. दहावीपर्यंत माझ्या वर्गात होता, आजही साखर मागायला येतो. आल्यावर त्याला बघतेच.

पण मला खरा धक्का बाचा बसला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तेवीस वर्षं तो समजत होता की आपण लपवलंय. लुगड्याचा काठ बोटात धरून त्यानं मलाच विचारलं, "ती मला एकदाबी काहून न्हाई बोलली?"

कालपासून तो जेवला नाही. अलिबाग रद्द केलं. म्हणतो, "तिला तोंड कसं दाखवू? तिला इचार. ती ये म्हणली तरच येतो, न्हाई तर हितंच कुठंबी राहीन." मला त्याचा राग आहे. मायचाही आहे, आपल्याला इतकी वर्षं काही सांगितलं नाही म्हणून. तरी त्याला इथं सोडून मी गाडीत बसणार नाही.

आता वर बघ. तू मनात वाचायला लागलीस तेव्हाच मायनं डाळ निवडायची थांबवली असेल आणि ती तुझ्या तोंडाकडं बघत असेल. तिला माहीत आहे यात काय लिहिलंय. तिला फक्त एवढंच विचार, बाला घरी आणू का. ती जे म्हणेल ते फहीमकडून नको, तुझ्या हातानं लिहून धाड.

आणि तिला सांग, वाळे बसले.

तुझी आणि रविंद्रची धाकटी बहीण,
सपना