बुजगावण्याच्या जागी उभा असलेला माणूस

दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. केंद्रप्रमुख साहेब,
रॉकेट इंजिन चाचणी केंद्र,
ता. धारूर, जि. बीड

विषय : चाचणी थांबवणाऱ्या संगणकात माझ्या पतीची माणूस म्हणून नोंद करण्याबाबत.
संदर्भ : बुजगावणे काढण्याविषयी आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

सविनय अर्ज करते की, मी निवृत्त अंगणवाडी सेविका असून आमचे ज्वारीचे रान आपल्या कुंपणालगत, धोक्याच्या पट्ट्यात येते. पट्ट्यात माणूस दिसला की आपला संगणक चाचणी आपोआप थांबवतो, ही सोय उत्तमच आहे. परंतु आमच्या बुजगावण्याला पतीचा सदरा व फेटा असल्याने संगणकाने त्यालाच माणूस समजून दोनदा चाचणी थांबवली. आमचा दोष एवढाच की बुजगावणे फार हुबेहूब झाले होते.

२. त्यावर आपले कर्मचारी श्री. रामप्रसाद यांनी ती जागा बुजगावण्याची आहे, असे संगणकाला शिकवून ठेवले. मागाहून आपले पत्र आले, म्हणून आम्ही बुजगावणेही काढले आणि आगीतून फुफाट्यात पडलो.

३. कारण ज्वारी हुरड्यात आहे आणि पाखरे कोणाचे पत्र वाचत नाहीत. रानात उंचवटा तेवढाच, म्हणून माझे पती श्री. उत्तरेश्वर त्याच जागी, त्याच सदऱ्यात गोफण घेऊन उभे राहतात. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. चाचणीआधीचा भोंगा कळत नाही. गेल्या गुरुवारी ते उभे असतानाच चाचणी झाली. संगणकाने ती थांबवली नाही. मी बांधावरून जिवाच्या आकांताने ओरडत होते. मी पाखरे हाकते आहे असे वाटून ते मला हात करत होते. गरम धुरळ्याने त्यांचे डोळे अजून सुजलेले आहेत.

४. तक्रार केली असता श्री. रामप्रसाद म्हणाले, "मावशी, कंप्युटरला तिथं आता माणूस दिसतच न्हाई. तुमी कावून घाबरता?" साहेब, मी त्यालाच घाबरते. पतीला घरी थांबा म्हणून खुणेने विनवले, तर म्हणाले, "जित्या माणसाला बुजगावणं म्हणत्यात, अन् म्या घरात बसू व्हय?"

५. परवा सकाळी पुन्हा चाचणी असल्याचे समजते. तरी त्या जागेची बुजगावणे म्हणून केलेली नोंद आजच पुसावी. न पुसल्यास मी त्यांच्या शेजारी उभी राहीन. संगणकाला तिथे एकच बुजगावणे ठाऊक आहे. दोघे दिसलो तर तो चाचणी थांबवेल, असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकला, तर ते तिथे एकटे नसतील.

आपली कुंपणापलीकडची शेजारीण,
(सही)
रतनबाई उत्तरेश्वर

सोबत : पतीचा हयातीचा दाखला.