कोपरापर्यंत बांगड्या

मंगळवार, संध्याकाळ

ते हात डोळ्यांपुढून हटूनच नाही राहिले. कमानिया गेटजवळ बांगड्या विकणाऱ्या कमलमावशींची चादर काल अतिक्रमणवाल्यांनी उचलून नेली. जमिनीवर दुकान मांडायचं नाही म्हणे. आज पाहते तर मावशी उभ्या, आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या! शिपाई ओरडला तर म्हणाल्या, "जमीन पे क्या रखा है भैया? पहनी हूँ मैं." तो निघून गेला.

नवरा गेल्यापासून त्या हातांत मी एक बांगडी पाहिली नव्हती. काहून विचारलं मी, कोण जाणे, "मावशी, तुम्ही घातल्या?"

"घातल्या कुठं बाई? मांडल्या आहे."

मला झाली असती एवढी हिंमत? मी डझनभर हिरव्या मागितल्या. मावशींनी आपल्या हातातून एकेक उतरवून माझ्या हातात भरल्या. गरम होत्या.