तांब्याच्या गडूतलं लिंबूपाणी

नारायणगाव, मंगळवार, मार्च १९९८

चार वर्षं मुरडा, मळमळ. आज डॉक्टरांनी विचारलं, "गुरुजी, उठल्याबरोबर काय घेता?"

ऐटीत सांगितलं, रात्रभर तांब्याच्या गडूत ठेवलेलं पाणी. पाण्याला ग्रंथाधार, लिंबू ही माझी भर, बायकोच्या नकळत.

ती शेजारीच होती. "लिंबू? अहो, तांब्यात आंबट कळकतं, हे माझ्या माहेरी, आळे गावात, शेंबडं पोरगं बी सांगंल!"

डॉक्टर हसले नाहीत. आंबटानं तांबं पाण्यात उतरतं, रोज आतड्यांना जाळतं, म्हणाले. लिंबाचं मला सुचलंच कसं?

माझं सोडा. कळंबच्या ताईला हाच उपाय मी दिवाळीत श्लोकासकट कळवला. तेव्हापासून तिचंही पोट बिघडलंय. पत्र पोचेपर्यंत आणखी चार गडू पिईल. उद्या पहिल्या जीपनं जातो. ऐकेल ना? आजवर माझं सगळं ऐकत आली, तीच तर पंचाईत.