न उघडलेला सोडा

मेकन, जॉर्जिया
१२ ऑगस्ट २०१९

लाडक्या लूशस,

तुझं पत्र मिळालं. खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. इथे उकाडा आहे. टोमॅटो भरपूर आलेत, ओझेला मावशी पिशव्या भरभरून नेते आणि वर म्हणते, यंदा आंबट आहेत.

छप्पर गळत होतं, ते दुरुस्त झालं. कुणी केलं सांगू? वेस टॉलिव्हरने. त्याचा आता तोच धंदा आहे. नशा कधीच सुटली, दोन मुली आहेत. पैसे घेईना. मावशी त्याच्यासमोरच म्हणाली, "छप्पर बुजवायला आलास की पाप?" बिचारा शिडीवरच थांबला.

जेवताना त्याने माझा मक्याचा पाव मागितला. लहानपणी तुम्ही दोघं तव्यावरूनच पळवायचात. मी सांगितलं, या घरात आता खाण्याचा सोडा येत नाही, मग पाव कसला. तो समजला. तुम्ही दोघांनी कोकेन एकाच माणसाकडून घेतलं होतं. त्याची पूड पूडच राहिली, तू माझ्या शेगडीवर सोडा घालून तिचे खडे केलेस. कायद्यात पूड असेल तर थोडकी शिक्षा, खड्यांना कितीतरी पट. त्याला उपचारांना पाठवलं, तुला बावीस वर्षं तुरुंगात. तो गोरा, तू काळा, हे कोर्टात कुणी उच्चारलं नाही. तूही उपचारच मागत होतास, बाळा.

तो म्हणाला, "मिस आर्डिस, कायदा बदललाय म्हणून पुढच्या महिन्यात जज लूशसची शिक्षा पुन्हा बघणार आहेत ना? मी तिथे बोललो तर तुम्हाला चालेल?"

मी म्हटलं, "त्याची तारीफ करू नकोस. तुझं काय झालं, तेवढंच सांग."

आता एक गोष्ट. गाडी बिघडली म्हणून भेटायला येत नाही, असं मी तुला लिहिलं होतं. गाडी ठणठणीत आहे. डोळेच गेले रे, एक पूर्ण, दुसरा जातोय. म्हणून अक्षर एवढं मोठं काढलंय. वकीलबाईंना सांगितलं, हे जजना सांगू नका, दया नको. पण मला तुझा चेहरा बघायचाय. काचेतून नाही, स्वयंपाकघराच्या उजेडात.

काल मावशीला सोड्याचा पुडा आणायला लावला. ती बघतच राहिली. ताक मिळेल, मक्याचं पीठ आहे. पुडा शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवलाय, चाचपून सापडेल असा. तो मी उघडणार नाही. तू येऊन उघड.

थोडं दिसतंय तोवर दाराकडे बघत बसलेली,
तुझी आई