मधल्या तुळईवरच्या सळया

मंगळवार, ता. १४

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, खोकला गेला. तुझा गुडघा कसा आहे? चिमीसाठी गणिताची वही आणून ठेवली आहे, चौकटीची. पाकिटावर सवयीने 'सौ.' लिहिलं गेलं, म्हणून ते फाडून दुसरं घेतलं. दाजींना जाऊन तीन महिने झाले, तरी हात ऐकत नाही.

रविवारी तू चहा टाकायला आत गेलीस तेव्हा चिमीने विचारलं, "मामा, बाबांना काम येत नव्हतं का? आई म्हणते, बावीस वर्षं सळया बांधून त्यांना वर-खाली कळलं नाही." मी म्हणालो, "आधी दूध पी." तिने गटागटा पिऊन टाकलं आणि पुन्हा माझ्याकडे बघत बसली. म्हणून हे पत्र. समोर बसून मला सांगता येणार नाही. काल तुझ्या पायरीवर चप्पल काढली आणि पुन्हा घालून परत आलो.

कारखान्याच्या वरच्या मजल्याचा तो स्लॅब. दोन खोल्यांना मिळून एकच अखंड, मधे एक तुळई. बाकी सळया तळाशी होत्या, पण तुळईवरच्या चोवीस सळया दाजींनी वरच्या अंगाला बांधल्या होत्या, खाली लोखंडी खुर्च्या, म्हणजे सळया उचलून धरणारे टेकू, देऊन. इंजिनियर साहेब सकाळी तपासून गेले. दुपारच्या सुट्टीत दाजी काँक्रीटचा पंप बघायला उतरले. वर मी एकटाच होतो.

मला वाटलं, वजन खाली येतं, स्लॅब खाली वाकतो, मग लोखंड खालीच हवं. या चुकून वर राहिल्या. विचारायला हवं होतं. पण सकाळीच दाजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बारक्या, सळई बांधतोयस की वेणी घालतोयस? आणि आज एकही प्रश्न नको बाबा, माझे कान किटले." सगळे हसले, मीही हसलो. म्हणून विचारलं नाही. तारा कापल्या, खुर्च्या काढल्या, चोवीसही सळया खाली बांधल्या. एकेक गाठ नीट. दाजी वर आले तोवर काँक्रीट तिथवर पोचलं होतं. त्यांची चूक मी गुपचूप निस्तरली म्हणून मला बरं वाटत होतं, ताई.

पुढे यंत्रं बसली. एका खोलीतलं यंत्र सुरू झालं की दुसऱ्या खोलीतला रिकामा कप टेबलावरून सरकत कडेला यायचा. तुळईच्या बरोबर वर, जमिनीला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चीर गेली. साहेबांनी तिथे फोडायला लावलं. मग एक लवचिक पोलादी पट्टी तीन काड्यापेट्यांवर ठेवून एका बाजूला बोटाने दाबली. दुसरी बाजू उचलली गेली आणि मधल्या पेटीवर पट्टीची पाठ फुगली. "खोलीच्या मधे स्लॅब खालून ताणतो, तुळईवर वरून. ताण तिथे लोखंड. मी तपासलं तेव्हा ते वर होतं. खाली कोणी नेलं?"

दाजी वाकून बघत होते. माझ्या गाठी त्यांना ओळखू आल्या. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मी."

नंतर पाण्याच्या पिंपापाशी मी रडायला लागलो, तर म्हणाले, "गप. तुझा हात नवा आहे, हा डाग लागला तर तुला कोणी कामावर उभं करणार नाही. माझं काय, दोन महिन्यांत विसरतील लोक. आणि ताईला बोलू नकोस, ती तुला फाडून खाईल." तेव्हा ते हसत होते.

लोक विसरले नाहीत. चार महिने ते घरी बसले. तू त्यांना ताटावरून बोललीस त्या दिवशी मी शेजारच्या पाटावर होतो. त्यांनी मान वर केली नाही. मी भात वाढून घेतला. मग ते त्या लांबच्या पुलावर ओझी उचलायला गेले आणि आठ दिवसांच्या तापात गेले. त्यांचं बोचकं आणायला मी गेलो, तेव्हाही तुला काही सांगितलं नाही.

काल साहेबांना आणि ठेकेदाराला सगळं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो माणूस असताना का नाही आलास?" ठेकेदाराने उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ते बरोबरच आहे.

दाजींना काम येत होतं, ताई. स्लॅब कसा वाकतो हे न शिकता त्यांना कळत होतं. चिमीला हे तुझ्या तोंडून कळावं. तुला जमलं नाही तर हे पत्रच तिच्या हातात दे. तिला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे, शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. मला मामा म्हणायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे.

मी आपणहून येणार नाही. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी तुझं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही.

ज्याच्यासाठी ते तुझं बोलणं ऐकून घेत राहिले, तो
तुझा धाकटा भाऊ