बरणीतला दिवा

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या हाती आलं आहे. अर्ध्या उत्तराला तुम्ही अर्धे गुण कधीच दिले नाहीत. शून्य देऊन वर लाल शाईनं 'प्रयत्न स्तुत्य' लिहायचात. तरीही सांगते आहे. इथे प्रयोगशाळेत दिवसभर माझ्याभोवती माणसं असतात, सगळी हुशार, सगळी माझ्या होला हो म्हणणारी. पण पडवीत पाय लांब करून, उपरण्याच्या टोकानं चष्मा पुसत, "मंग? त्यानं काय होते?" असं विचारून माझी विद्वत्ता जमिनीवर आणणारं आता कुणी उरलेलं नाही. संस्कृतच्या वर्गात तुमची वाणी इतकी शुद्ध की आम्हाला शिंक द्यायची भीती वाटायची. आदिलाबादलगतच्या मावल्याला, घरी पडवीत बसलात की तीच वाणी धोतर सैल करून वऱ्हाडी होऊन जायची. मला तुम्ही दोन्हीकडे भेटलात. आठवण मात्र पडवीतल्या तुमचीच येते.

मी हैदराबादेहून डॉक्टर होऊन आले आणि माणसं सोडून जंतूंच्या मागे लागले, याचं माझ्या वडिलांना जेवढं दुःख झालं तेवढीच तुम्हाला गंमत वाटली. आदिलाबादची थंडी पडली की भीमपूर, इंद्रवेल्लीकडच्या गावांत लेकरांच्या छात्या कफानं भरून यायच्या. त्यांच्या घशातून कापसाची काडी फिरवून आणायची आणि आत कोणता जंतू बसला आहे ते शोधायचं, हे माझं काम. त्यासाठी शहरालगत एक कोपरा हवा होता, तो तुम्ही पडवीत दिलात. माझ्या काचेच्या बश्या पाहून काकूंनी विचारलं, "हे लाल काय थिजवलं वं? खरवस हाय का?" मी सांगितलं की मेंढीचं रक्त आहे, हा जंतू त्यावरच नीट वाढतो. काकू दोन पावलं मागे सरल्या. तुम्ही विचार करून म्हणालात, "मेंढी जित्ती हाय ना?" म्हटलं, आहे, सुईनं थोडं काढून घेतलं, ती गेली चरायला. "मंग ऱ्हाऊ द्या पडवीत. सयपाकघरात नोको." एवढ्या थोड्या वेळात धर्मनिर्णय देणारा शास्त्री मी पुन्हा पाहिला नाही.

आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलात तो दिवस. न्यूमोनियाचे जंतू बहुधा जोडीनं दिसतात, एकाला एक चिकटून. तुम्ही बराच वेळ वर पाहिलंच नाही. मग म्हणालात, "द्विवचन! अवं, हे तं द्विवचनात जगून राह्यले. आन तुमाले मी वर्षभर शिकवलं तरी तुमी एकवचन लिवून येत होत्या." नंतर कितीतरी दिवस, मी काडी घेऊन आले की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज रामौ हायेत का नुसता रामः?"

हसत होतात, आणि खोकतही होतात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. एका सकाळी तुम्ही थुंकलात तो बेडका विटकरी रंगाचा होता आणि उजव्या कुशीवर हात दाबून धरलेला. डॉक्टरांच्या गोळ्या चार-पाच दिवस चालू होत्या, ताप हलत नव्हता. जंतू वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहायचं, मगच औषध बदलायचं, असं माझं आणि डॉक्टरांचं ठरलं. तुमचा बेडका मी बशीवर पसरला. ही जात नाजूक. तिला मोकळी हवा मानवत नाही, थोडी वापरलेली, कोंदट हवा लागते. त्यासाठी आमची युक्ती साधी: किराणा दुकानातली बिस्किटांची मोठी बरणी, आत बश्या, त्यांच्यावर पेटती मेणबत्ती, वर घट्ट झाकण. ज्योत आतली हवा खाते आणि आपोआप विझते, की जंतूला हवी तशी हवा तयार. मग बरणी बल्बनं गरम ठेवलेल्या पेटीत ठेवायची. मला इंद्रवेल्लीची बस गाठायची होती. झाकण लावून मी म्हणाले, "गुरुजी, मेणबत्ती विझली की बरणी पेटीत ठेवा. बाकी काही करू नका." तुम्ही मान हलवलीत. ही मान कशाला हलली होती, ते मी विचारायला हवं होतं.

संध्याकाळी फाटक उघडते तर तुम्ही गोधडी पांघरून बरणीसमोर बसला आहात. डोळे तापानं लाल. बरणीत मेणबत्तीच्या जागी काकूंचं तुपाचं निरांजन तेवतं आहे, आणि झाकण तुमच्या दोन बोटांवर तिरकं धरलेलं.

"गुरुजी, हे काय केलंत?"

"काऊन? जीव घुटमळून राह्यला होता त्याचा. झाकण वर केलं का उभा राहे, टाकलं का मान टाके. मेण सरलं तं हिनं निरांजन देल्लं."

"अहो, तो विझायलाच हवा होता!"

"आपल्या घरी, दिवेलागणीच्या टायमाले? मी डोळ्यानं पाह्यत बसू?" मग जरा खाली पाहून, "मले सांगाचं होतं ना वं आधी, का तुमच्या शास्त्रात दिवा मारतेत म्हनून."

मी सांगितलं होतं. पण तापलेला म्हातारा दुपारभर त्या ज्योतीला श्वास पुरवत बसला होता, त्याच्याशी वाद कसला घालायचा. दिवसभर थंडीत, वाऱ्यावर राहिलेल्या त्या बशीत काही उगवलं नाही. तिच्यावरून तुमचंच औषध ठरायचं होतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरीही. डॉक्टर आणखी थांबायला तयार नव्हते, त्यांनी त्याच रात्री अंदाजानं इंजेक्शनं सुरू केली आणि ती लागू पडली. ताप उतरला. पुढे बेडका तपासला तर जंतू औषधालाही नव्हता. मी ऐटीत सांगायला आले, "मेले, गुरुजी. द्विवचन संपलं."

तुम्ही उशीला टेकून धापा टाकता आहात. "मेले म्हनतं. मंग छाती काऊन जळून राह्यली अजून? जाळून कोन राह्यलं?"

मी म्हणाले, अशक्तपणा आहे. पाठ न केलेल्या ओळीच्या जागी मनची ओळ घालणाऱ्या मुलीकडे तुम्ही जसे पाहायचात, तसे पाहिलंत.

त्यानंतर तुमचा श्वास पूर्ववत झाला नाही. पुढच्या थंडीत, संक्रांतीच्या आधी, तुम्ही गेलात. मी हैदराबादला होते. निरोप पोचला तेव्हा मावल्याला सगळं आटोपलं होतं. काकू म्हणाल्या, शेवटपर्यंत विचारत होते, डाक्टरीण काई बोलली का, जाळून कोन राह्यलं त्याचं?

तर बोलते. पंधरा वर्षं मी याच एका ओळीत अडकले आहे. जंतू मरतो तेव्हा गुपचूप मरत नाही, फुटतो. त्याच्या भिंतीचे तुकडे, पोटातलं विष, सगळं फुप्फुसात विखुरतं. शरीराचे शिपाई त्या तुकड्यांवरच तुटून पडतात, आणि शत्रू संपला हे त्यांना कुणी वेळेत सांगत नाही. दाह होतो तो त्यांच्याच हातून. जाळत होतं ते तुमचंच शरीर होतं, गुरुजी, तुम्हाला वाचवण्याच्या नादात. हे अर्धं. उरलेलं अर्धं असं की ही आग विझवावी, तर ती सगळी विझवून चालत नाही. मग राहिलासाहिला जंतू माजतो. थोडी ठेवायची, थोडी दाबायची. किती, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. प्रयोगशाळेत आकड्यांवर डोकं धरून बसले की मला गोधडीतला तुमचा हात दिसतो, झाकण जरा वर, जरा खाली. मग आकडे थोडा वेळ वाचता येत नाहीत.

हे पोस्टात टाकायचं नाहीच. काकूही गेल्या, मावल्याच्या घरात दुसरी माणसं राहतात, आणि तुम्ही आहात तिथली बस मला अजून गाठायची नाही. एक मात्र सांगून टाकते. आता हवेचं काम यंत्र करतं, मेणबत्ती कुणी लावत नाही. तरी नव्या मुलांना जुनी रीत दाखवायची म्हणून वर्षातून एकदा मी बरणी काढते. बश्या ठेवते, मेणबत्ती पेटवते, झाकण घट्ट लावते, आणि काहीतरी आणायचं राहिलं असं सांगून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहते. "मॅडम, विझली," अशी हाक येईपर्यंत मी आत जात नाही.