मॅडमना सांगितलं ते

बाबा,

मी ड्यूटीवर निघालेय. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. मऊ भात झाकून ठेवलाय. जाईल तेवढाच खा, उरलेला कुंडीत पुरू नका.

ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या पेशंटना फोन करून विचारपूस करणं हे माझं काम. त्यांत तुम्हीही आलात, म्हणून काल दुपारी हॉस्पिटलातून फोन केला. सुनेचा आवाज ओळखूनही तुम्ही शेवटपर्यंत 'मॅडम'च म्हणालात. घरी विचारलं की 'ठणठणीत'. मॅडमना मात्र खाल्लेलं उलटून पडतं, कळ पाठीत जाते, सगळं सांगितलंत. वर म्हणालात, "घरी कळवू नका, सून फार जिवाला लावून घेते."

दुर्बिणीतून केलं म्हणून टाके नखाएवढे आहेत. आतून स्वादुपिंडाचा तुकडा काढलाय, तो काही नखाएवढा नव्हता.

मॅडमनी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. अकराला गाडी येईल. फाइल आणि स्वेटर दाराजवळच्या पिशवीत आहेत.

मॅडमनी शब्द पाळलाय, घरी काही कळवलेलं नाही. हॉस्पिटलच्या दारात सून उभी असेल. तिला तुम्हीच सांगा.